आमची वाटचाल : बावीस मशीनं आणि एक अव्वा

गणवेशाचा हंगाम आणि शाळेची सुट्टी एकाच वेळी येते, हे आमच्या धंद्याचं मूळ दुखणं. जूनला शाळा उघडणार म्हणून माल मेअखेर दुकानात पोचवायचा आणि त्याच एप्रिल-मेमध्ये शिवणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर घरी. सोलापुरात गणवेश करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, पण ते हिशेबात कुणी धरत नाही.

मी २००८ साली पाच्छा पेठेत सासरच्या पुढच्या खोलीत सुरुवात केली. एक सेकंडहँड जुकी शिलाई मशीन, एक कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक. मुलगा दीड वर्षाचा होता. सासूबाई सकाळी नऊला त्याला उचलायच्या, ते रात्री भाकरी झाल्यावरच माझ्या मांडीवर द्यायच्या. मेहनत मी केलीच, पण त्या नसत्या तर आजही दुसऱ्याच्या कारखान्यात कॉलर लावत बसले असते. कटिंगला मास्टर पहिल्या दिवसापासून आहेत. चेक्सच्या कापडाचे थर लावताना चौकटीवर चौकट बसली नाही तर अख्खा थर उलगडतात. बाजूच्या शिवणीवर रेघ मोडलेला पिनाफोर, म्हणजे मुलींचा बिनबाह्यांचा फ्रॉक, आमच्याकडून आजवर गेलेला नाही. पुढे अक्कलकोट रोडला शेड भाड्याने घेतली, बावीस मशीनं झाली.

कोरोनात शाळाच बंद, गणवेश कोण घेणार? दोन हंगाम मशीनांवर चादरी टाकून ठेवल्या. २०२२ उजाडलं आणि ऑर्डरींचा पाऊस पडला, कारण सगळ्याच पोरांचे कपडे आखूड झाले होते. त्यातून कर्नाटकात त्या वर्षी शाळा १६ मेलाच उघडणार होत्या आणि आमचा निम्मा माल तिकडे जातो.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी नऊ बायका आल्याच नाहीत. सगळ्या कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीतल्या. फोन लावला तर एकच उत्तर, "अव्वा पडल्या, अक्का."

मला तोवर अव्वा कोण हेही माहीत नव्हतं. घरकुलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. स्वतःचं घर झालं, ही त्या बायकांच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट. पण सासू, आई, जाऊ जुन्या वस्तीत राहिल्या. मग शेजारच्या एका म्हातारीकडे, म्हणजेच या अव्वांकडे, नऊ जणींची अकरा पोरं दिवसभर असायची. ती मोरीत घसरली, खुबा मोडला, आणि आठ किलोमीटरवरच्या माझ्या शेडमध्ये नऊ मशीनं थांबली.

नऊच का म्हणा! कॉलरवाल्या दोघी त्यांच्यातल्या, बाही जोडणाऱ्या दोघी त्यांच्यातल्या. कॉलर आली नाही की पुढच्या बायका हातावर हात ठेवून बसतात. शर्टाच्या बॉडीची बंडलं छातीएवढी साचली. काज-बटणवाल्याकडे माल जाईना, प्रेसवाला दोनदा येऊन परत गेला, टेम्पोवाल्याने दुसरं भाडं धरलं. कोपऱ्यावरच्या चहावालीनेही विचारलं, "अक्का, सुट्टी हाय का?" आलेल्यांपैकी दोघींनी मला सांगितलं की नऊमधल्या तिघींनी पुन्हा विड्या वळायला घेतल्या आहेत. पान-तंबाखू घरी आणायचं, पोर पायाशी, मिळकत निम्म्याहून कमी. कॉलरीला हात बसायला वर्ष लागतं, तो हात विडीला लागला.

आणि याच वेळी शेजारच्या मोठ्या युनिटच्या मालकाने माझ्या सहा बायका नेल्या. उचल दिली, घरापर्यंत रिक्षा लावली. धंद्यात हे चालतं, मला मान्य आहे. पण नेल्या त्या कोण? ज्यांची पोरं मोठी झाली होती त्या. ते मालक बाजारात सांगत फिरले, "लहान मूल असलेली बाई मी दारात उभी करत नाही, शेजारच्या बाईंना विचारा काय झालं." आमचं युनिट बसलं असंही पसरवलं. ते कापडवाल्याच्या कानावर गेलं आणि चौदा वर्षांची उधारी त्याने एका फोनवर बंद केली. हे मी विसरलेले नाही.

तगले ती कलबुर्गीच्या अण्णांमुळे. २०११ पासूनचं गिऱ्हाईक. सकाळच्या गाडीने आले, बंडलांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मुलींचे पिनाफोर आधी द्या. पोरं दोन आठवडे जुनी चड्डी घालतील." निम्मी रक्कम रोख मोजून ठेवली. त्यातून कापड सुटलं.

मास्टरांनीच पॅकिंगची खोली रिकामी केली. अँगलला जुन्या साड्यांच्या चार झोळ्या बांधल्या, खाली सतरंज्या. घरकुलासाठी एक टमटम ठरवली, त्यात आया आणि पोरं दोन्ही. पाचव्या दिवशी सात जणी परत आल्या. कर्नाटकचा माल नऊ दिवस उशिरा गेला, पण गेला.

नवं युनिट काढणाऱ्यांना सांगते. पोरांची खोली मशीन हॉलला लागून करू नका, कापडाचं तूस पोरांच्या नाकात जातं. अर्धं दार बसवा. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे हातात आल्याशिवाय दुसरी सुई देऊ नका. सांभाळायला दोघी ठेवा. एकीवर भिस्त ठेवली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. मला हा खर्च शर्टामागे दीड रुपया पडतो. रिकामं मशीन त्याहून कितीतरी महाग पडतं.

मदत मागायलाही गेले होते. पाळणाघराची कायद्याने सक्ती पन्नास कर्मचाऱ्यांपासून पुढे. आम्ही पंचवीस. म्हणजे सक्ती नाही, आणि आमच्यासारख्यांना कुणी विचारायलाही येत नाही. अंगणवाडी दुपारी सुटते, आमचं काम सहाला. बँकेत कर्जाचा कागद केला तर साहेब म्हणाले, "झोळी कुठल्या मशीनरीत दाखवू?" अहो, ओव्हरलॉकला कर्ज देता, ती चालवणारी बाई येणार कशी? या शहरातली कितीतरी युनिटं पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या हातावर चालतात. त्याच वयात पोरं लहान असतात.

आज खोलीत चौदा पोरं आहेत. अव्वांना आता फार चालवत नाही. काठी घेऊन रिक्षाने येतात, भाडं युनिट देतं. दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि पोरं सांभाळणाऱ्या दोघी बायकांवर नजर ठेवतात.

गेल्या महिन्यात त्या शेजारच्या युनिटचा सुपरवायझर आला. त्यांच्या दोन कारागीर बायकांची पोरं आमच्याकडे बसतील का, असं मालकांनी विचारलंय म्हणाला. मी हो म्हटलं. रोजचे चाळीस रुपये एका पोराचे, आणि ते मालकांनी भरायचे, बायकांच्या पगारातून कापायचे नाहीत. पहिल्या आठवड्याचे आले आहेत.