स्टील एवढं भारी, तर मग हरता कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी पोकेमॉन गोच्या रेडला (सगळ्यांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनला पाडायचं) जमतो तेव्हा कॉलेजची पोरं विचारतात, घरी भाचा विचारतो. एकदा तर लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्या पोरानं ओळखलं आणि हातातली बादली तशीच धरून विचारलं, "दादा, तुमची टीम सगळी स्टीलची. स्टील एवढं भारी, तर मग हरता कसे?" पंगतीत काय सांगणार? बुंदी वाढून घेतली.

कुठला टाइप कुणावर भारी हा पोकेमॉनचा तक्ता तुम्हाला पाठ आहे. स्टील त्यातलाच एक टाइप. 18 पैकी 10 टाइपांचा मार अर्धाच लागतो, विष तर लागतच नाही, वाळूच्या वादळात ढिम्म. (गोमध्ये विषही थोडं लागतं, पण तो हिशोब वेगळा.) इथपर्यंत पोरं कान देऊन ऐकतात. फायर, फायटिंग, ग्राउंड म्हटलं की "तीनच ना!" म्हणून मोकळी होतात. तीनच. पण या तिघांपैकी एकही चाल नसलेली टीम मला आजवर भेटायची आहे. भूकंप ही ग्राउंडची चाल तर आमच्याकडच्या शेंगदाणा चटणीसारखी, ज्याच्या त्याच्या डब्यात असतेच.

आणि मारायचं म्हणाल तर स्टीलचा हात तसा हलकाच. 1999 साली गोल्ड-सिल्व्हर या गेममध्ये आलं तेव्हा आइस आणि रॉक एवढीच त्याची गिऱ्हाइकं. 2013 ला फेअरी हा नवा टाइप आला म्हणून तिसरं मिळालं. फायर, वॉटर, इलेक्ट्रिक आणि खुद्द स्टील हे चौघं त्याच्या माराला हिंग लावून विचारत नाहीत. वडील यंत्रमागावर होते. मी हे सगळं घरी सांगत बसायचो तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "पाण्यानं गंज चढत नाही होय तुमच्या लोखंडाला?" नाही चढत. वॉटरचा मार पुरता लागतो, ना कमी ना जास्त. जन्मभर मागाला तेल घातलेल्या माणसाला हे काही पटलं नाही.

आता ती गोष्ट. ती टाळून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

2008 चा मे महिना. सात रस्त्याजवळ एक सायबर होतं. गेमचं खरं यंत्र आमच्यात कुणाकडेच नव्हतं, एमराल्ड हा पोकेमॉनचा गेम खेळायचो तो एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरलाच ते यंत्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सेव्ह फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून खिशात. एकाच कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडायच्या, कीबोर्डची डावी बाजू माझी, उजवी मित्राची. एकमेकांची चाल दिसू नये म्हणून मॉनिटरच्या बरोबर मधे परीक्षेचं पॅड उभं धरायचं. पॅड धरायला तिसरा लागायचा. तो कंटाळला की पॅड कलायचं आणि भांडणं व्हायची.

पैज मेटाग्रॉसची होती, हरेल त्यानं आपला द्यायचा. मेटाग्रॉस होतो बेल्डम वाढवून, आणि एमराल्डमध्ये बेल्डम एकच मिळतो, चॅम्पियन झाल्यावर, गेममधल्या मॉसडीप गावात स्टीव्हन नावाच्या पात्राच्या घरी, लेव्हल 5 चा. त्याला चाल येते एकच, तीही मारताना स्वतःलाच लागते. तिथून लेव्हल 45 पर्यंत त्याला मी वाढवला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तासाला 20 रुपये मोजून.

खेळ मध्यावर होता. माझे मॅग्नेटॉन, मॉवाइल आणि पाणी ओलांडायला, म्हणजे सर्फ मारायला, बाळगलेला वेलमर आडवे झाले होते. उरले ॲग्रॉन, अर्ध्या जीवावरचा मेटाग्रॉस आणि ताजातवाना स्कार्मरी. ॲग्रॉननं नुकताच त्याचा स्वेलो पाडला होता. आता मित्राकडे दोनच. त्यातला स्वॅम्पर्ट त्यानं बाहेर काढला.

ॲग्रॉन रॉक आणि स्टील. ग्राउंडचा मार चौपट. समोरच्याला भूकंप येतो हे मला माहीत होतं, मॅग्नेटॉन त्यानंच गेला होता. आणि माझ्याकडे स्कार्मरी होता, स्टीलच, पण उडणारा. भूकंप त्याच्या पायाखालून गेला असता. शेंबड्या पोरालाही कळेल.

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला, सायबरवाले काका ओरडले, "पाच मिनिटांत सेव्ह करा रे."

पुढची कित्येक वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो, की लाइट गेली, घाई झाली, बोट चुकलं. खोटं आहे. बोट चुकलं नव्हतं. पाच मिनिटं म्हणजे चिक्कार वेळ. मित्रानं स्वतःची चाल दाबून झाली होती. तो हात मांडीवर ठेवून बसला होता आणि पॅडच्या पलीकडून म्हणाला, "बदल की बे."

तो "बदल की बे" म्हणाला म्हणूनच मी बदललं नाही.

बरं, डोक्यात हिशोबही होता. ॲग्रॉनचा डिफेन्स 180. वर त्याच्याकडे स्टर्डी ही अंगभूत शक्ती. नावातच मजबुती, म्हणजे एका फटक्यात जात नसणार. मीही भूकंपच दाबला. स्वॅम्पर्टचा वेग जरा जास्त, त्याची चाल आधी पडली. भूकंपाची ताकद 100, स्वतःच्या टाइपचा म्हणून दीडपट, वर चौपट. 600. ॲग्रॉनची हिरवी पट्टी पिवळी होताना दिसलीसुद्धा नाही. मग मेटाग्रॉस. तोही गेला. मग, आता काय उपयोग, स्कार्मरी. मित्रानं जराही न थांबता स्वॅम्पर्ट आत घेतला आणि मॅनेक्ट्रिक काढला, इलेक्ट्रिकचा, उडणाऱ्यांवर भारी. एक थंडरबोल्ट. संपलं. यूपीएस अजून कोकलतच होता.

स्टर्डीचं नंतर कळलं. त्या काळात ती फक्त फिशरसारख्या एका घावात संपवणाऱ्या चालींपासून वाचवायची, बाकी कशापासून नाही. पूर्ण जीव असेल तर 1 वर तगून राहायचं, हे 2010 पासून, ब्लॅक-व्हाइटमध्ये आलं. हे वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! म्हणजे माझा विचार बरोबर होता, मी फक्त दोन वर्षं लवकर खेळलो. मित्राला मेसेजही टाकला होता. आता वाटतं, ॲग्रॉनचा तेव्हा पूर्ण जीव होता का? स्वेलोनं थोडं खाल्लंच होतं. म्हणजे 2010 मध्येही गेलाच असता.

मग दोष कुणाचा? एक मन म्हणतं, स्टीलचाच. 10 टाइप अर्धे लागायला लागले (तेव्हा तर 11 होते) की बसून मार खायची सवय लागते आणि नेमका नको तो समोर येतो तेव्हाही हात बदलण्याकडे जात नाही. दुसरं मन म्हणतं, अरे पण त्या क्षणाचं उत्तरही स्टीलच होतं की, स्कार्मरी! आत बसला होता. याच्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. भाच्यानं हेच विचारलं तेव्हा मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

2013 ला नियम बदलले. स्टीलची घोस्ट आणि डार्कवरची सूट गेली आणि मेटाग्रॉसला (तो सायकिकही, म्हणून फायटिंग त्याला भारी नाही) फायर-ग्राउंडच्या जोडीला ते दोघंही भारी पडायला लागले. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. मित्र तोवर पुण्याला गेला होता, सगळेच जातात तसा. फोन लावला. म्हटलं, "तुझा मेटाग्रॉस आता चौघांचा मार खातोय बघ."

"कुठला मेटाग्रॉस?"

आठवण करून दिली. तो हसला. "तो पेनड्राइव्ह होय! त्याच पावसाळ्यात व्हायरस आला म्हणून फॉर्मॅट मारला की बे."

मी बरं म्हणालो. पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारलं.

माझी फाइल मात्र आहे. माझ्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर, तिथून या फोनवर आली. पैज फेडताना मेटाग्रॉसच्या बदल्यात काहीतरी द्यावंच लागतं, म्हणून त्यानं एक झिगझगून दिला होता, लेव्हल 3 चा, गवतातून तिथल्या तिथे धरलेला. मूळ मालक म्हणून त्यावर अजून त्याचंच नाव येतं. स्कार्मरी, ॲग्रॉन, मॉवाइल, मॅग्नेटॉन, वेलमर आणि सहाव्या जागी तो. लेव्हल 3 च. भाचा म्हणतो, मामा, याला बॉक्समध्ये टाक आणि स्टीलचा कुणीतरी घे.