दुसऱ्याचं पात्र आपल्या हातून

चित्रकथांच्या लढती कशा असतात हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी खेळ सांगते. दोन चित्रकार असतात आणि दोघांचं एकेक स्वतः घडवलेलं पात्र असतं. एकाने आव्हान द्यायचं, दुसऱ्याने ते स्वीकारायचं, मुदत ठरवायची. मग दोघांनी आपापली वेगळी चित्रकथा काढायची. अट एकच, दोन्ही कथांत दोन्ही पात्रं समोरासमोर आली पाहिजेत. मुदत संपली की दोन्ही कथा शेजारीशेजारी लागतात. समूहातले बाकीचे सभासद त्या वाचतात, मत देतात आणि तेच मत का दिलं ते लिहितात. कथेत कोण जिंकतं याचा मतांशी संबंध नसतो. शेवटच्या पानावर स्वतःचंच पात्र चारी मुंड्या चीत झालेलं दाखवून लढत जिंकणारे चित्रकार मी पाहिले आहेत, आणि त्या कथा मला फार आवडल्या आहेत.

मी अशा एका समूहात गेले ते मुदतीसाठी. माझ्या वह्यांमध्ये पात्रं पुष्कळ होती. त्यांचे कपडे, त्यांची हत्यारं, त्यांच्या आजोबांचे स्वभाव, सगळं ठरलेलं. पूर्ण झालेली कथा मात्र नव्हती. एकटीने काढताना पान कधी संपवायचं हे कुणी सांगत नाही. इथे समोर एक माणूस बसलेला असतो, तोही रात्री जागून काढतोय हे माहीत असतं, आणि आपण पानं दिली नाहीत तर त्याच्या कथेलाही जोडीदार राहत नाही. त्या जबाबदारीने माझा हात जेवढा चालवला तेवढा कुठल्याच वर्गाने चालवला नव्हता.

प्रवेशासाठी पात्राचा तक्ता द्यावा लागतो, सगळे त्याला रेफरन्स शीट म्हणतात. समोरून, मागून, चेहऱ्याचे भाव, ठरलेले रंग, शेजारी उंचीची पट्टी. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना वाटतो तो म्हणजे 'हे पात्र काय कधीच करणार नाही'. अनोळखी चित्रकार आपलं पात्र हातात घेणार असतो, त्याला दिशा तिथूनच मिळते.

माझ्या पात्राचं नाव टाचणी. बारकी, काटकुळी मुलगी, केसांत टाचण्या खोचलेल्या. ती माणसाच्या सावलीत टाचणी रोवते आणि मग तो माणूस जागचा हलू शकत नाही. ती कधीच करणार नाही अशी गोष्ट म्हणजे अंगावर वार. ही कल्पना मला आवडली कारण तिच्यामुळे प्रत्येक चौकटीत उजेडाचा विचार करणं भाग पडतं. दिवा कुठे आहे, सावली कुठल्या बाजूला पडली, लांब की आखूड, हे चुकवून चालत नाही. इतर कथांत सावली सजावटीला असते, इथे तिच्यावर कथानक उभं राहतं. त्यामुळे मी काळ्या शाईचे गच्च भरलेले भाग करायला शिकले. आधी नुसत्या बारीक रेषा काढायचे.

पात्रं अशी झुंजवण्याची हौस नवी नाही. डेव्हिअंटआर्ट हे चित्रकारांचं संकेतस्थळ २००० साली सुरू झालं, आणि त्या दशकात तिथे 'ओसी टूर्नामेंट' नावाच्या स्पर्धा रंगायच्या. ओसी म्हणजे स्वतःचं मूळ पात्र. फेऱ्या असायच्या, प्रत्येक फेरीत काही पात्रं बाद व्हायची. 'आर्ट फाइट' हा ऑनलाइन खेळ दर जुलै महिन्यात होतो. तिथे दोन गट पडतात, आणि समोरच्या गटातल्या कुणाच्या पात्राचं चित्र काढून दिलं की त्याला 'हल्ला' म्हणतात. मला हा शब्दप्रयोग मनापासून आवडतो, कारण ज्याच्यावर हल्ला होतो तो आनंदाने उड्या मारत असतो. आणि मुदतीचं म्हणाल तर स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराने १९९० साली स्टीव्ह बिसेट या मित्रापुढे आव्हान ठेवलं होतं, २४ तासांत २४ पानांची पूर्ण चित्रकथा. दोघांनीही ती काढली, आणि पुढे जगभर लोक तसं करू लागले. माझ्यात तेवढा दम नाही. मला पानामागे दोन दिवस तरी लागतात.

आता ज्या लढतीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते.

मला आव्हान आलं ते एका काचेच्या राक्षसाकडून. प्रचंड देह, गोल गुळगुळीत डोकं, नखशिखांत भरीव काच. तक्त्यावर त्याच्या निर्मातीने लिहिलं होतं, 'हा पोकळ नाही'. मी ते वाक्य बराच वेळ बघत बसले. टाचणीचं सगळं बळ सावलीवर, आणि समोर जो उभा आहे त्याच्या आरपार उजेड जातो. हे आव्हान माझं पात्र नीट वाचूनच दिलेलं होतं. अनोळखी माणसाने आपल्या पात्राचा इतका विचार केलेला पाहून मला जे वाटलं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे.

पहिला प्रश्न, काच काढायची कशी, तीसुद्धा फक्त काळ्यापांढऱ्यात? मी काचेचा भरीव गोळा टेबलावर ठेवून वेगवेगळ्या बाजूंनी दिवा धरून पाहिला. काचेला स्वतःचं रूप जवळजवळ नसतंच. दिसतं ते तिच्यामागचं, आणि भरीव गोळ्यातून ते उलटं दिसतं. कडा मात्र गडद होतात, कारण तिथे प्रकाश फार वळतो. म्हणून मी नेहमीचा क्रम मोडला. एरवी आधी पात्रं आणि मग मागचं दृश्य. इथे आधी संपूर्ण चौकटीचं मागचं दृश्य काढलं, शाई केली, मग राक्षसाच्या डोक्याएवढा भाग संगणकावर वेगळ्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, घेऊन उलटा केला आणि तो नव्याने हाताने काढला, गोलाईनुसार वाकवत. टाचणी त्याच्यामागे लपलेली असते त्या चौकटीत ती त्याच्या डोक्यातून उलटी, छोटीशी दिसते. ती चौकट माझ्या आजवरच्या कामातली मला सगळ्यात प्रिय आहे.

दुसरा प्रश्न कथेचा, आणि त्याचं उत्तर त्याच गोळ्याने दिलं. काचेची सावली पडते! बाहेर काळसर कडं आणि मधोमध डोळे दिपवणारा उजेडाचा ठिपका. काच किरण गोळा करून मध्ये आणते, म्हणून तिच्या सावलीत अंधार कडेला उरतो. बस, मला शेवट सापडला. टाचणी राक्षसाच्या सावलीत पुन्हा पुन्हा टाचण्या मारते, त्या उजेडाच्या ठिपक्यात पडतात आणि वितळतात. मग ती थांबते, वाकून नीट बघते, आणि कडेच्या बारीक काळ्या रेघेवर एकामागून एक टाचण्या लावत जाते, शिंपी कापडाचा काठ टाचतो तशा. राक्षस अडकतो.

या सगळ्यात संवाद अगदी थोडे ठेवले. मारामारीच्या पानांवर संवादांचे फुगे वाढले की वेग मरतो. दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचक स्वतः हालचाल पूर्ण करत असतो. हात उगारलेला एका चौकटीत, तडा गेलेला दुसरीत, घाव मधल्या पांढऱ्या जागेत. त्याला तिथे काम करू द्यायला हवं. पात्रांची बाजूही जपावी लागते. राक्षस पहिल्या पानावर उजवीकडे असेल तर कारण नसताना तो तिसऱ्या पानावर डावीकडे गेला की वाचक गोंधळतो. तडकण्याच्या जागी मी काळ्या ठिपक्यांचे पुंजके वापरले. ही युक्ती अमेरिकी चित्रकथाकार जॅक कर्बीची. १९६०च्या दशकापासून तो ऊर्जा दाखवायला असे ठिपके काढायचा, आणि आजही त्याला पर्याय सापडलेला नाही असं माझं मत आहे.

तर पानं गेली, मुदत संपली, आणि समोरची कथा उघडली.

त्या कथेत राक्षस लढतच नाही. पहिल्याच पानावर टाचणी त्याला शोधत येते तेव्हा तो तडकलेला असतो, खांद्यापासून छातीपर्यंत. आतून उजेड फाकतोय, चहूबाजूंनी, इतका की टाचणीची स्वतःची सावलीही नाहीशी झालीय. ती हत्यारं उगारते आणि रोवायला जागाच नाही. दोन अख्खी पानं ती नुसती त्याच्याभोवती फिरते, एकही शब्द नाही. मग ती केसांतल्या टाचण्या काढते आणि त्याच्या तड्याच्या दोन्ही काठांच्या सावल्या एकमेकींना जोडत जाते. काठ मिटतात. काच सांधली जाते.

ही मुलगी मी घडवलेली. तिच्या टाचण्यांनी काही जोडता येईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिला सतत लोकांना जखडून ठेवणारी म्हणूनच पाहत होते. जिने तिला दोनेक आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं, तिला टाचणीचं हे दुसरं अंग दिसलं. आणि तिने तक्त्यातला 'कधीच करणार नाही' हा रकाना अक्षरशः पाळला होता. पूर्ण कथेत टाचणी कुणावरही वार करत नाही. मी ती पानं वाचून उठले, फेरी मारली, परत येऊन पुन्हा वाचली.

मतं तिच्या बाजूने गेली, माझंही तिलाच गेलं असतं. स्वतःच्या लढतीत मत देता येत नाही हा आमचा नियम बरोबरच आहे, पण त्या दिवशी तो मला जाचला.

मतांपेक्षा मला खालचा मजकूर मोलाचा वाटतो. चांगला वाचक 'छान' लिहून पुढे जात नाही. तो सांगतो की चौथ्या पानावर माझी नजर आधी या फुग्याकडे गेली, मग त्या हाताकडे, आणि म्हणून धक्का बसायच्या आधीच मला शेवट कळला. किंवा सांगतो की दुसऱ्या चौकटीत पात्राचा बाह्याकार नुसता काळा भरला तरी मुद्रा ओळखू येईल का ते तपासून बघ. हे लिहायला वेळ लागतो, त्यासाठी कथा दोनदा वाचावी लागते. मी आता स्वतः लढत नसते तेव्हाही दर आठवड्याला इतरांच्या लढतींवर असं लिहिते, आणि माझ्या कामात सर्वांत जास्त सुधारणा त्या लिहिण्याने झाली असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्याचं पान का अडखळतं याचं कारण शब्दांत मांडलं की स्वतःच्या पानावर हात आपोआप थांबतो.

नव्याने येणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो, 'माझं ड्रॉइंग तेवढं चांगलं नाही, येऊ का?' या. महागडं काही लागत नाही. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चित्रकथेला पुरून उरतं. कागदावर काढून स्कॅन करणारेही आमच्यात आहेत. त्यांनी नुसत्या शाईच्या रेषा ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचामागे ६०० ठिपक्यांवर, स्कॅन कराव्यात, ३००वर कडा दातेरी दिसतात. पण माझा खरा आग्रह वेगळा आहे. समोरच्याचं पात्र काढायला घेण्याआधी ते किमान एक वही भरून काढा. त्याचं चालणं, बसणं, कंटाळणं. दुसऱ्याच्या पात्राला केवळ मार खाणारी बाहुली करून ठेवलेल्या कथा पहिल्या पानातच ओळखू येतात. आमचे वाचक त्यांना मत देत नाहीत, रेखाटन कितीही देखणं असो. मलाही ते योग्य वाटतं. कुणीतरी वर्षानुवर्षं मनात वागवलेलं माणूस तुमच्या हवाली करतोय.

काचेच्या राक्षसाच्या निर्मातीशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला तो अजून चालू आहे. सांधणाऱ्या टाचण्या माझ्या पात्राच्या तक्त्यात घालू का, असं मी तिला विचारलं, कारण कल्पना तिची. तिने होकार दिला आणि बदल्यात सावलीच्या काठाची रेघ मागितली. तिच्या राक्षसाच्या नव्या कथेत आता तो उन्हात उभा राहताना स्वतःच्या सावलीचं कडं आधी तपासतो.

या खेपेला आव्हान मी दिलं आहे. समोरचं पात्र खोल पाण्यात राहतं, मासा आणि माणूस यांच्या मधलं काहीतरी, पाठीवर लांब पर. पाण्याखाली उजेड सतत हलतो, लाटांनी त्याची जाळी होते, सावली क्षणभरही एका जागी थांबत नाही. टाचणीने टाचायचं काय आणि कशावर, याची छोटी कच्ची रेखाटनं मी करतेय आणि अजून एकही पटलेलं नाही. त्या पात्राला पाण्याबाहेर किती वेळ राहता येतं हे तक्त्यात दिलेलं नाही, म्हणून काल त्याच्या निर्मात्याला विचारलं आहे. उत्तर आलं की पहिलं पान घेते.