तुम्ही विचारलंत म्हणून: देश उभारायचा खेळ आखायला मी कुठून सुरुवात करते

"आम्ही सगळे मिळून एक फँटसी जग बनवतोय, प्रत्येकाचा एक देश असेल, मॅप झालाय, राजघराण्यांचा इतिहास लिहून झालाय, आता खेळ सुरू करायच्या आधी अजून काय प्लॅन करायचं?" असं मला नेहमी कोणी ना कोणी विचारतं. खेळ म्हणजे प्रत्येकाने आपल्या देशाच्या वतीने पत्रं आणि हुकूम लिहीत गोष्ट पुढे न्यायची. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच, की मागच्या वेळी पण एवढी तयारी केली होती, मग तिसऱ्या-चौथ्या टर्नला, म्हणजे फेरीला, सगळं थंड का पडलं? दोन्हींचं उत्तर माझ्या मते एकच आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आपल्या देशाकडे काय आहे ते सगळेच लिहितात. काय नाहीये ते लिहा. कोणाचीही देशाची शीट, म्हणजे देशाच्या माहितीचं पान, हातात आली की मी आधी हेच शोधते आणि बहुतेक वेळा ते सापडत नाही. सोन्याच्या खाणी आहेत, जमीन सुपीक आहे, घोडदळ जगात एक नंबर, जादूची प्राचीन विद्यापीठं आहेत, प्रजा सुखी, राणी न्यायी. वाचायला छान वाटतं, पण असा देश शेजाऱ्याच्या दारात जाईल कशाला? असे आठ स्वयंपूर्ण देश एका मॅपवर ठेवले की प्रत्येक जण आपापल्या राजधानीत बसून आपापल्या उत्सवाचं वर्णन लिहितो, बाकीचे "मस्त लिहिलंयस" म्हणतात, आणि मग लिहायला काही उरत नाही. यात कोणी आळशी नसतं हो, त्या जगात एकमेकांशी बोलायचं कारणच कोणी पेरलेलं नसतं.

म्हणून मी देशांपासून सुरुवात करत नाही, गरजेपासून करते. एक उदाहरण रचून दाखवते. समजा या जगात दर हिवाळ्यात डोंगरावरून एक धुकं खाली उतरतं आणि त्यात सापडलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो. धुकं अडतं ते एका खास दिव्याने, त्याला तेल लागतं एका माशाचं जो पश्चिम किनाऱ्यावरच मिळतो, काच लागते ती वाळवंटातल्या भट्ट्यांमध्येच बनते, आणि वात लागते नदीच्या मुखाशी पिकणाऱ्या कापसाची. डोंगरातल्या देशाकडे यातलं काहीच नाही, पण धुकं कधी उतरणार हे आधी कळतं फक्त त्यांनाच. आता बघा, अजून एकाही राजाचं नाव ठरलेलं नाही आणि चार प्लेयरना आजच्या आज एकमेकांना पत्र लिहायला कारण मिळालं. किनाऱ्यावाल्याने तेलाचा भाव चढवला तर? डोंगरवाले तारीख मुद्दाम चुकीची सांगतायत असं वाळवंटवाल्याला वाटलं तर? एखाद्या वर्षी मासाच कमी आला तर? हे प्लॉट मला लिहावे लागत नाहीत, आणि प्लेयर्सना ते स्वतःचे वाटतात कारण ते खरंच त्यांचेच असतात.

त्यामुळे माझ्या शीटमध्ये तीन ओळी सक्तीच्या असतात. आमच्याकडे जास्तीचं काय आहे, आम्हाला अडलंय कशावाचून, आणि आमची एक गोष्ट अशी कोणती जी दुसऱ्या एखाद्या देशाला माहीत आहे पण आम्हाला ती बाहेर जायला नकोय. बाकी झेंडा, राष्ट्रगीत, वंशावळ यावर कोणाला पानंच्या पानं लिहायची असतील तर जरूर लिहावीत, मलाही ती वाचायला आवडतात, पण या तीन ओळी भरल्याशिवाय मी टर्न सुरू करत नाही.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली नावाच्या गेमरने ब्राउनस्टाइन नावाचा खेळ चालवला, नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, आणि दोन सेनापतींच्या जोडीला बाकीच्या प्लेयर्सना त्या गावातल्या भूमिका दिल्या, महापौर वगैरे, प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई सुरू व्हायच्या आधीच लोक एकमेकांशी वाटाघाटी करायला लागले, सगळा गोंधळ उडाला, वेस्लीला वाटलं खेळ फसला, आणि प्लेयर्स मात्र म्हणाले परत खेळूया. त्याच ग्रुपमधला डेव्ह आर्नेसन पुढे ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा फँटसी खेळ चालवायला लागला आणि त्यातून १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेचा प्रसिद्ध खेळ आला. म्हणजे आज आपण ज्याला रोलप्ले म्हणतो, एखादी भूमिका घेऊन खेळणं, त्याच्या मुळाशीच एकमेकांना आडवे जाणारे हेतू आहेत.

त्याच्याही आधीचं म्हणजे डिप्लोमसी हा युरोपच्या नकाशावरचा बोर्ड गेम. अ‍ॅलन कॅलॅमरने १९५४ मध्ये तो तयार केला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. सात सत्ता, नकाशावर ताब्यात घ्यायची ३४ केंद्रं, जिंकायला १८ लागतात, फासे अजिबात नाहीत. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की सगळ्या फौजांची ताकद सारखीच असते, त्यामुळे एकटी फौज दुसरीला हटवू शकत नाही, पाठिंबा लागतो, आणि थोडं पुढे गेलं की तो शेजाऱ्याकडूनच मागावा लागतो. ज्याने हा खेळ आखला त्याने बोलण्याची गरज नियमातच घालून ठेवली. शिवाय सगळे आपापले हुकूम गुपचूप लिहितात आणि एकदम उघडतात. हे मी आमच्या खेळांमध्ये जसंच्या तसं घेते, कारण एकामागून एक टर्न ठेवले की शेवटच्या माणसाला सगळ्यांची चाल दिसते आणि एक जण अडला की अख्खा खेळ त्याच्यासाठी थांबतो. ठरलेल्या दिवशी सगळ्यांचे हुकूम जीएमकडे (गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा), दुसऱ्या दिवशी निकाल, की मग पुढच्या टर्नपर्यंत मोकळा रोलप्ले. ही लय एकदा बसली की लोक वाट बघायला लागतात.

प्लेयर किती हवेत? पाच ते सात. सात देश असतील तर दोघादोघांच्या जोड्या होतात २१, बारा देश असतील तर ६६, आणि ६६ नाती लक्षात ठेवणारा जीएम मला अजून भेटायचाय. जास्त लोक असतील तर एका देशात दोघं घाला, एक राणी आणि एक सेनापती, किंवा एक दरबार आणि एक बंडखोर प्रांत. दोघांचं आपसात पटायला हवंच असं नाही, उलट थोडं बिनसलेलंच बरं.

मॅपबद्दल थोडं, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि नेमकं कामाचं तेच सोडतात. नद्या उतारावरून वाहतात आणि वाटेत एकमेकींना मिळतात, समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत, म्हणजे वरचा देश धरण बांधणार आणि खालचा बोंबलणार, भांडण तयार. डोंगराच्या ज्या बाजूला समुद्राचे वारे आपटतात तिथे पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे एका बाजूला धान्य आणि दुसऱ्या बाजूला गुरं-मेंढ्या, व्यापार तयार. गरजा अशा जमिनीतून काढल्या की त्या पटतात. आणि मॅपवर अंतर किलोमीटरमध्ये लिहिण्याऐवजी दिवसांमध्ये लिहा. पायी सैन्य सामानासकट दिवसाला साधारण २०-२५ किलोमीटर चालतं, म्हणजे ५०० किलोमीटरवरची राजधानी तीन-चार आठवड्यांवर आहे. एका सैनिकाला रोज किलोभर धान्य धरलं तर दहा हजारांच्या फौजेला महिन्याला ३०० टन लागतं, बैल आणि घोड्यांचा चारा वेगळाच. हे एकदा शीटवर लिहिलं की "मी तीन देश ओलांडून हल्ला करतो" असं कोणी लिहीत नाही, आधी मधल्या देशाकडे धान्य आणि वाट मागायला जातो. परत बोलणं आलंच!

बातमी कशी जाते हेही ठरवून टाका, यात फार मजा आहे. प्राचीन इराणी साम्राज्याचा राजमार्ग साधारण अडीच हजार किलोमीटरचा होता, पायी जायला हेरोडोटसच्या हिशोबाने ९० दिवस, पण ठिकठिकाणी घोडे बदलत धावणारे राजाचे जासूद तेच अंतर त्याच्या कितीतरी कमी वेळात कापायचे. ज्याच्याकडे असा रस्ता आहे त्याला बातमी याच टर्नला कळेल, बाकीच्यांना पुढच्या टर्नला. मी एक टर्न म्हणजे एक ऋतू धरते, वर्षाचे चार. त्याहून मोठा टर्न धरला की माणसं दिसेनाशी होतात आणि फक्त साम्राज्यं उरतात, आणि छोटा धरला तर एका लग्नाच्या वाटाघाटीतच वर्ष जातं.

युद्धाचा नियम सुरुवातीलाच ठरवा, भांडण पेटल्यावर नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याचा क्रीगश्पील हा युद्धाच्या सरावाचा खेळ आला, त्यात पंच मध्ये बसायचा, दोन्ही बाजू त्याला लेखी हुकूम द्यायच्या आणि पंच प्रत्येकाला तेवढंच सांगायचा जेवढं त्याच्या सैन्याला दिसलं असतं. निकालासाठी फासे आणि भलीमोठी कोष्टकं होती. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने ती कोष्टकं बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचावर सोडायचा मार्ग सुचवला. मला दोन्हींच्या मधलं आवडतं. दोन फासे टाका, बेरीज सात किंवा जास्त आली तर हल्ला यशस्वी, तशी शक्यता ३६ पैकी २१ म्हणजे ५८ टक्के. रसद नीट पोचली असेल तर एक मिळवा, शक्यता ७२ टक्क्यांवर जाते, मित्रदेश खरोखर सोबत आला तर अजून एक, ८३ टक्के. म्हणजे रोलप्लेमध्ये जे कमावलं त्याचं वजन फाशावर दिसतं पण नशीब पूर्ण जात नाही. आणि समोरच्याच्या वतीने "तुझं सैन्य हरलं" असं कोणीही लिहायचं नाही, आपण फक्त आपला प्रयत्न लिहायचा. तसं लिहिण्याला गॉडमॉडिंग म्हणतात, त्यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जादूसाठी बेन रॉबिन्सच्या मायक्रोस्कोप या २०११ च्या खेळातली एक युक्ती मी वापरते. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून दोन याद्या करायच्या, या जगात काय चालेल आणि काय नाही. मेलेला माणूस परत येतो का? एका क्षणात दुसऱ्या शहरात जाता येतं का? दुसऱ्याचं मन वाचता येतं का? या तिन्हींना माझं उत्तर सहसा "नाही" असतं, कारण पहिल्याने खुनाला अर्थ राहत नाही, दुसऱ्याने अंतराला आणि तिसऱ्याने गुपिताला, आणि मघाशी म्हटलं तशा गरजा याच तीन गोष्टींवर उभ्या असतात. ड्रॅगन कितीही घाला, त्यांना खायला लागतं हे फक्त विसरू नका. याच बैठकीत कोणाला कोणते विषय अजिबात नको आहेत तेही विचारून घ्या. देशांच्या गोष्टीत गुलामी, कत्तली, निर्वासित हे येतंच, आणि कोणी "हे नको" म्हटलं तर कारण न विचारता ते सोडून द्यायचं.

आता हरण्याचं काय करायचं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर कोणी विचारत नाही. राजधानी पडली की प्लेयर खेळ सोडतो, कारण त्याला करायला काही ठेवलेलंच नसतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते की देश गेला तरी तुमची एक गोष्ट कोणी घेऊ शकत नाही, आणि ती काय ते तुम्हीच ठरवायचं. धुक्याची तारीख ओळखणारं घराणं असेल, काच बनवायची विद्या असेल, नाहीतर नाविकांची संघटना. जिंकणाऱ्याला जमीन मिळते पण ती विद्या मागायला हरलेल्याकडेच यावं लागतं. परागंदा राणी म्हणून खेळणारे लोक मी पाहिलेत, बऱ्याचदा सगळ्यात सुंदर पत्रं तेच लिहितात. कोणी परीक्षेमुळे, कामामुळे गायब झालं तर त्याचा कारभारी जीएम चालवतो, पण फक्त बचाव करतो, नवीन करार करत नाही आणि जुने मोडत नाही, म्हणजे तो माणूस परत आला की त्याचं घर जागेवर असतं. आणि जीएमने स्वतःचा देश ठेवू नये, कितीही प्रामाणिक असला तरी, सगळ्यांची गुपितं माहीत असलेल्या माणसाबरोबर कोणी मोकळेपणी खेळू शकत नाही.

शेवट कधी, तेही आधीच सांगा. बारा टर्न, म्हणजे तीन हिवाळे, मला पुरतात. पुढे कोणाला वाटलं तर पन्नास वर्षांनी त्याच मॅपवर नातवंडांचा खेळ सुरू करता येतो, आणि तेव्हा पहिल्या खेळातली सगळी पत्रं तुमचा खराखुरा इतिहास झालेली असतात.

तर तुमचा मॅप तयार आहे म्हणालात, तो तसाच राहू दे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाकडून त्या तीन ओळी लिहून घ्या, मोठ्याने वाचा, आणि ज्याची गरज कोणीच भागवू शकत नाही किंवा ज्याच्याकडचं कोणालाच नकोय त्याची शीट तिथेच सगळ्यांनी मिळून बदला. नंतर पाठवा मला, मी आवडीने वाचेन.