सव्वा मूठ गहू आणि उपकथानक

सध्या मी अमळनेरकडच्या दोन भावांच्या वाटणीची कादंबरी लिहितेय. कपाशीचं शेत, सामाईक विहीर, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे. हे भाऊ मनातलं बोलणारे नाहीत, त्यामुळे नुसत्या वाटणीवर कादंबरी उभी राहीना. म्हणून दुसरा धागा थोरल्या वहिनीच्या हाती दिला.

तिला शेताचं काही पडलेलं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली पाहिजे, एवढंच तिला हवंय. उपकथानकातल्या माणसाला अशी स्वतःची ओढ लागतेच. नायकाचं ऐकून घेण्यापुरता आणलेला मित्र पानं वाढवतो, बाकी काही करत नाही.

आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातले पुरुष मोजून प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. आणि रोट खायचे ते भाऊबंदांनीच. आता धाकट्याने चूल वेगळी केलीय. वहिनी सुपापुढे बसून नवऱ्याला विचारते, ‘‘धाकलानी मूठ लेवानी का नई?’’ वाटणीचा अख्खा प्रश्न इथे आला, आणि वकिलाचं नावही नाही! थोरला उत्तर देत नाही. ती मूठ घेते. रोट पोचवायला थोरल्यालाच धाकट्याच्या दारात जावं लागतं. त्या एका मुठीने मुख्य कथानक वळलं.

उपकथानक मी यावरच पारखते: ते काढून टाकलं तर शेवट बदलतो का? बदलत नसेल तर कितीही सुंदर लिहिलेलं असो, काढावं.

महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान बघा. द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी असेल का? बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. नळही द्यूतातच राज्य हरलेला. पण नुसत्या सांत्वनावर ते थांबत नाही. शेवटी ऋषी युधिष्ठिराला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, देतात. पुढे विराटाकडे तो कंक होऊन राहतो, तो फासे खेळणारा म्हणूनच. आतली गोष्ट बाहेरच्या गोष्टीच्या हातात काहीतरी ठेवून जाते. मला ही रचना फार थोर वाटते.

राहिला प्रश्न उपकथानक मिटवायचं कधी. माझे दोघे भाऊ शेवटच्या प्रकरणात तहसील कचेरीत समोरासमोर येतील. तिथे वाचकाचं लक्ष दुसरीकडे नको, म्हणून सोमवारचं कानबाईचं विसर्जन मी त्याच्या आधीच्या प्रकरणात घेतलंय.