गीरचा सिंह, मुक्काम लंडन

१९८८ साली माझ्या सासूबाई कॉलनीतल्या दत्तभक्त मंडळींबरोबर गिरनारला गेल्या होत्या. दहा हजार पायऱ्या चढून पादुकांचं दर्शन झालं, उतरताना गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी मंडळी सासण गीरला सिंह बघायला गेली. चार तास जीपमध्ये धूळ खाल्ली. चितळ दिसले, मोर दिसले, एका वळणावर मातीत पंजाचा ठसाही दिसला. ड्रायव्हर म्हणाला, "अभी यहीं था."

हे 'अभी यहीं था' आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं. चष्मा सापडेना, गॅसचा लायटर सापडेना, की कुणीतरी म्हणणारच.

तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही नणंदेकडे लंडनला गेलो होतो आणि आईंची पंच्याहत्तरी तिथेच करायची ठरली होती. माझा अंदाज होता, देवळात अभिषेक आणि मग हॉलमध्ये जेवण. नणंदेने एक कागद आईंच्या हातात दिला. प्राणिसंग्रहालयात एक रात्र, राहायला लॉज, शेजारी गीरचे सिंह. आईंनी कागद दोनदा वाचला. "गीरचे? मग इथे काय करतायत?"

प्रश्न रास्त होता. लंडन झूमध्ये आशियाई सिंहांसाठी 'लँड ऑफ द लायन्स' नावाचा मोठा विभाग आहे. २०१६ च्या मार्चमध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी त्याला लागून नऊ केबिन बांधल्या गेल्या. नाव 'गीर लायन लॉज'. भाड्याचा आकडा नणंदेने शेवटपर्यंत सांगितला नाही आणि आम्हीही रुपयांत गुणाकार करायचं टाळलं.

कॅम्डन टाउनहून २७४ नंबरची बस थेट झूशी जाते. आम्ही ती उलट्या दिशेची पकडली, त्यामुळे पोचलो तेव्हा बाकीची पर्यटक मंडळी दमून बाहेर पडत होती आणि आम्ही चौघं बॅगा ओढत आत शिरत होतो. आमची सई (वय नऊ) त्यांच्याकडे असं बघत होती, जणू झू तिच्या आजोबांनी बांधलं असावं.

सिंहांच्या विभागात शिरलो आणि आई थबकल्या. समोर चक्क 'सासण गीर' स्टेशन! पाटी, फलाट, पुढे गावातला बाजाररस्ता, जंगलात हरवलेल्या देवळाचे भग्न खांब. रंग मुद्दाम उडवलेला, गंज मुद्दाम चढवलेला. मला ते सगळं जरा विचित्र वाटलं. आपण जे रंग लावून झाकायला बघतो, तेच इथे कुणीतरी कष्टाने घडवलं होतं. माझा नवरा मंदार मात्र खूश. फोटोवर फोटो. आई पाटीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही गेलो तेव्हा एवढं स्वच्छ नव्हतं हो."

केबिन छोटी, पण नीटस. पांढऱ्याशुभ्र चादरींची जाड गादी, स्वतंत्र बाथरूम, पुढे बसण्यापुरता व्हरांडा. सईने पलंगावर तीन उड्या मारून गादी पास केली. नेमकी श्रावणातली एकादशी होती, म्हणून आईंनी राजगिऱ्याचे लाडू पुण्याहून डब्यात आणलेले. पहिला लाडू फुटला तो त्याच पांढऱ्या चादरीवर. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं मोठी माणसं ओणवी होऊन राजगिऱ्याचा एकेक दाणा वेचत होतो आणि सई विचारत होती, "वासाने सिंह येईल का?"

जेवण सगळ्या पाहुण्यांचं एकत्र होतं. आम्ही आधी कळवल्यामुळे शाकाहारी ताटं तयार होती. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा त्यानंतर. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन फेरी. दिवसा हजारो माणसांनी गजबजलेल्या त्या रस्त्यांवर आता आम्ही वीसेक जण. रिजंट्स कॅनॉल झूच्या मधूनच जातो. पुलावरून बघितलं तर खाली पाणी काळंभोर, वर एकादशीचा चंद्र. जिराफांचं घर बघून मी चकित झाले. १८३६-३७ मध्ये डेसिमस बर्टन या वास्तुविशारदाने बांधलेलं, आणि आम्ही गेलो तेव्हाही त्यात जिराफच राहत होते. उंचच उंच दारं, म्हणजे बांधतानाच राहणाऱ्याचं माप घेतलेलं. पुण्यात फ्लॅट घेताना आमचा फ्रिज दारातून आत जाईना, तेव्हा हा बर्टन हवा होता.

मुळात हे झू १८२८ साली उघडलं ते फक्त ते चालवणाऱ्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांसाठी, अभ्यास करायला म्हणून. सर्वसामान्यांना आत यायला १८४७ उजाडलं. पिंजऱ्यातल्या प्राण्याकडे बघताना माझ्या पोटात नेहमीच थोडं तुटतं आणि त्या रात्रीही तुटलं. पण सिंहांच्या बाबतीत दुसरी बाजूही आहे. जंगलातले सगळे आशियाई सिंह आज गीर आणि आसपासच्या सौराष्ट्रातच आहेत. आई गेल्या त्या सुमारास ते तीनशेच्या आत होते. १९८५ च्या गणनेत २३९. २०२० मध्ये ६७४ झाले, २०२५ मध्ये ८९१. ऐकायला छान वाटतं. पण सगळी अंडी एकाच टोपलीत! २०१८ मध्ये रोगाची साथ आली आणि काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा म्हणून सांगितलं होतं. कुनोत आले ते चित्ते, तेही आफ्रिकेतून. सिंह अजून वाटच बघतायत. अशा वेळी हजारो किलोमीटरवर थोडे सिंह राखून ठेवलेले असणं मला पूर्वीइतकं खटकत नाही. पूर्ण पटतं असंही नाही.

लंडनच्या या नराचं नाव भानू आणि मादीचं आर्या. त्यांना २०२४ च्या मार्चमध्ये तीन बछडे झाले होते: माली, सायानी आणि शांती. ही नावं ऐकून आईंचं एकच म्हणणं, "शांती ठीक आहे, पण सिंहाला माळी?" फेरीत मात्र सिंह दिसले नाहीत. टॉर्चच्या उजेडात गवत, दगड, आणखी गवत. मंदारने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांच्याही ओठांवर तेच वाक्य, पण आईंच्या वाढदिवसाला ते म्हणायची हिंमत कुणालाच झाली नाही.

पहाटे पाचच्या आसपास जाग आली. शेजारचा पलंग रिकामा. दार किलकिलं. बाहेर व्हरांड्यात आई शाल पांघरून बसलेल्या, हातात माळ. मी शेजारी टेकले. लांबून रस्त्यावरच्या एखाद्या गाडीची घरघर, बाकी सामसूम.

पहिला आवाज मला डरकाळी वाटलाच नाही. कुणीतरी रिकामं पिंप फरशीवरून ओढत नेतंय असं वाटलं. मग तो आवाज फुगला, लांबला, आणि दुसरा आला, तिसरा आला. सिनेमात दाखवतात तसं तोंड फाडून एकदाच ओरडणं नव्हे. आधी लांबलचक हंबरल्यासारखं, मग आखूड आखूड हुंकार, भात्यासारखे, एकामागे एक. कठड्यावर माझा हात होता. कानांच्या आधी तळव्याला कळत होतं की शेजारी केवढी मोठी छाती आहे. पलीकडे प्रिमरोज हिलला राहणारी माणसं हे उशीवर डोकं ठेवून ऐकत असतील आणि कूस बदलून परत झोपत असतील.

आईंचा अंगठा मण्यावर थांबला होता. हुंकार विरळ होत गेले, शेवटचा तर नुसता श्वासासारखा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग माळ कपाळाला लावून हळूच म्हणाल्या, "अभी यहीं है."

मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. आत मंदार आणि सई गाढ झोपलेले. सई उठल्यावर तिला हे सांगितलं, तर ती तासभर माझ्याशी बोलली नाही.

झू उघडण्याआधी सकाळी आणखी एक फेरी असते. भानू काचेला टेकून पडला होता, पंजा वर, डोळे मिटलेले. पहाटे शहर हलवणारा हाच का, असा प्रश्न पडावा इतका बिनधास्त. आई काचेपाशी वाकून बघत राहिल्या. पंजा त्यांच्या तळहाताच्या दुप्पट. "पोट सुटलंय हो याचं," त्या म्हणाल्या. झूच्या मुलीने समजावलं की ते सुटलेलं पोट नाही, पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी हीच आशियाई सिंहाची खूण; आणि आयाळ आफ्रिकन सिंहापेक्षा विरळ, म्हणून कान दिसतात. मी भाषांतर केलं. आईंनी मान डोलावली आणि मंदारच्या पोटाकडे एक नजर टाकली.

बछड्यांपैकी एक पिल्लू आर्याच्या शेपटीचा गोंडा पकडायला धडपडत होतं. सई म्हणाली तीच शांती. कशावरून, विचारू नका.

परतीला बस बरोबर दिशेची मिळाली. आई खिडकीशी, मांडीवर रिकामा डबा. दोन स्टॉप गेले असतील, मंदारकडे वळून म्हणाल्या, "गिरनारला रोपवे झालाय ना रे आता?"

"झालाय की. २०२० मध्येच."

"पण तो अंबाजीच्या देवळापर्यंतच जातो म्हणे. पुढच्या पायऱ्या आहेतच." थोडा वेळ खिडकीबाहेर बघून परत वळल्या. "दिवाळीनंतर थंडी चांगली असते तिकडे."

मंदारने फोन काढला आणि पुणे-जुनागढ गाड्या बघायला लागला.