फर्नेस क्रीक, भाग ३: पट्टी जमिनीवर टेकली

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी (सिमसाठी) मी फर्नेस क्रीक विमानतळाची सीनरी, म्हणजे आभासी परिसर, बनवतोय. मागच्या वेळी अडलो होतो ते उंचीवर. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतली ही धावपट्टी समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली आहे आणि माझ्या सीनरीत ती हवेत तरंगत होती. दोन संध्याकाळी शोधाशोध केल्यावर कळलं, उंचीच्या रकान्यात उणे चिन्हच टाकलं नव्हतं. म्हणजे पट्टी चक्क ४२० फूट वर! आता नीट बसली आहे. लांबी ३,०६५ फूट, दिशा १५/३३ (म्हणजे साधारण १५० आणि ३३० अंश).

सेस्ना १७२ हे छोटं विमान पट्टीवर उभं केलं आणि आधी अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, पाहिला. शेकड्यांचा लांब काटा शून्यावरून उलटा मागे जाऊन ८ च्या किंचित अलीकडे, हजारांचा आखूड काटा शून्याच्या जरासा मागे. घाईत पाहिलं तर ९,७९० वाटेल. हे दृश्य बघण्यासाठीच हा विमानतळ निवडला होता, आणि किती तरी वेळ नुसता बघत बसलो.

खरी मजा पुढे आहे. सिममध्ये तापमान ४५ अंश केलं. या उंचीला प्रमाण तापमान १५ च्या आसपास, म्हणजे हवा ३० अंशांनी जास्त तापलेली. दर अंशाला १२० फूट धरले तर ढोबळ डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, ३,४०० फूट येते. काटा उणे दाखवतोय आणि पंखांना मात्र डोंगरावरची विरळ हवा मिळतेय. पूर्ण वजनाने टेकऑफ मोजले: १५ अंशांना चाकं सुटायला ९८० फूट लागले, ४५ ला १,२३०. पट्टी पुरते, पण त्यानंतरची चढाई फार संथ. आणि नैर्ऋत्येला ११,००० फुटांहून उंच टेलिस्कोप पीक उभं आहे, त्यामुळे खोऱ्यातच गोल फिरत उंची मिळवावी लागते. विमानाच्या हँडबुकातला टेकऑफचा तक्ता ४० अंशांवर संपतो. त्यापुढचे आकडे अंदाजाने वाढवू नका. खरे वैमानिक अशा जागी पहाटेच निघतात, सिममध्येही तसंच उडवून बघा.

लँडिंगला अंतिम टप्प्यात वेगाच्या काट्यावर नेहमीचेच ६२ नॉट ठेवायचे. जमीन मात्र वेगाने सरकताना दिसते, कारण खरा वेग ६५ च्या घरात असतो. त्या भासाला फसून वेग कमी केला की विमान पट्टीआधीच खाली खचतं. माझं दोनदा खचलं. इथे नियंत्रण टॉवर नाही, आपली जागा आपणच रेडिओवर सांगायची.

लांबून ओळखायला शेजारचं गोल्फ मैदान आणि खजुराची झाडं उपयोगी पडतात. पांढऱ्या-तपकिरी खोऱ्यात तेवढाच हिरवा ठिपका. माझा हिरवा अजून फार भडक आहे, त्यात धुळीचा पिवळा मिसळतोय. खजुरांच्या सावल्या दुपारीही लांब पडतायत, ते या आठवड्यात सोडवायचं आहे. कोणी अशा झाडांच्या सावल्या जमवल्या असतील तर सेटिंग जरूर सांगा.