संध्याकाळच्या आत खिरोद्याच्या पुढे

गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की शेतकऱ्याचे २१ दिवस वाया. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या आजूबाजूच्या गावांत मी कृत्रिम रेतनाचं काम करतो, म्हणजे निम्मं आयुष्य मोटरसायकलवरच जातं. जूनच्या सुरुवातीला खिरोद्याच्या पुढच्या एका वस्तीवरून दिवस उजाडतानाच फोन आला. आप्पांची गीर गाय आधी दोनदा उलटलेली, म्हणजे भरवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर आलेली. "रातभर हंबरू राह्यली, डाक्टर. सोट एकदम साफ आहे. या टायमाला काही करून या." सोट म्हणजे माजात गाईच्या मागून गळणारा चिकट स्राव.

दुपारी तीनला वादळ सुटलं. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळाची धास्ती काय असते ते केळीवाल्यालाच विचारा. घडांनी लदलेली बाग दहा मिनिटांत आडवी होते. पाठोपाठ तासभर पाऊस. निघालो तर डांबरी रस्त्यावर भलामोठा निंब पडलेला, त्यावर विजेच्या तारा. उरला शेतरस्ता.

माझ्या गाडीच्या मागच्या कॅरिअरवर लोखंडी कडं वेल्ड केलेलं आहे, त्यात तीन लिटरचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर बसतो. गोठवलेलं रेत त्यातच असतं. आत उणे १९६ अंश. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हाही आत तेवढंच. त्याचं बूच घट्ट लावायचं नसतं, वाफेला वाट लागते. त्यामुळे गाडी आडवी झाली की नायट्रोजन सांडला, आणि तो संपला की आतल्या सगळ्या रेतमात्रा गेल्या. प्रशिक्षणात स्ट्रॉ, म्हणजे रेताची बारीक नळी, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची हे घोकून घेतात. कंटेनर चिखलातून उभा कसा न्यायचा, याचा तास कुणी घेत नाही.

काळ्या जमिनीचा चिखल ही वेगळीच जात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी लागलं की तीच माती फुगते आणि धरेल ते सोडत नाही. पुढचं चाक शंभर पावलं फिरलं की मडगार्डखाली माती गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. म्हणून इकडची पोरं मडगार्ड वर चढवून घेतात, आणि माझ्या लेगगार्डला खुरपं बांधलेलं असतं. चाकोरीत शिरायचं नाही, दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवतावर राहायचं. दुसरा गिअर, रेस एकसारखी, पुढच्या ब्रेकवरचं बोट काढून टाकलेलं. उतरायचं, खुरप्यानं कोरायचं, परत बसायचं. एके ठिकाणी केळीचे खांब वाटेवर पडलेले. ट्रॅक्टरनं चेंगरून त्यांचा चीक पसरला होता. तिथे उतरून गाडी ढकलतच नेली. गाडी शिकायला येणाऱ्यांना मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढायला लावतात. जूनमध्ये हा एक किलोमीटर द्या म्हणावं.

सातपुडा जवळ आला तशी जमीन बदलली. डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-मुरमाचा तो पट्टा, अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. पाणी पडलं की मुरतं, चिखल होत नाही. पण इथे काळ्या मातीची रीत उपयोगाची नाही. तिथे हँडल दाबून धरावं लागतं, इथे सैल सोडावं लागतं. गोटा चाकाला ढकलेल तिकडे थोडं जाऊ द्यायचं. फूटरेस्टवर उभं राहून गुडघ्यांनी दणके झेलायचे. बाहेरून सावद्यात नोकरीला आलेला चांगला चालवणारा माणूसही इथे हँडल आवळतो आणि पडतो.

नाल्यावरच्या फरशीवर, म्हणजे पुरात पाणी वरून जातं अशा बुटक्या पुलावर, मात्र थांबावंच लागलं. वर आभाळ मोकळं, पण पाऊस डोंगरात झालेला. पाणी गढूळ, त्यात काटक्या-पाला, फरशीच्या कडेचे दगड दिसेनासे. मला अंधाराआधी पोहोचायचं होतं. पलीकडे एक दूधवाले काका चार कॅन लटकवून बसलेले. तिथूनच ओरडले, "घाई नका करू, पानी उतरू राह्यलं!" त्यांनी काठावर एक काटकी खोचून ठेवली होती, पाणी तिच्यापासून किती सरकलं ते बघत होते. अर्ध्या तासानं कडेचे दगड उघडे पडले. काका आधी चपला काढून पायीच निघाले, पायानं फरशी चाचपत, वाहून आलेले गोटे बाजूला सारत. मग परत जाऊन गाडी काढली. वरच्या अंगानं, पाय फूटरेस्टवर, मध्ये कुठेही न थांबता, नजर समोरच्या काठावर. मी त्याच ओळीवरून गेलो. कंटेनर हलला, कलंडला नाही.

वस्तीवर सहा वाजले होते. गाय अजून पक्की माजात, वासरी अंगावर चढली तरी उभी. स्ट्रॉ काढली, थर्मामीटर लावून पाणी बघितलं, काम पाच मिनिटांत उरकलं. आप्पा चहा झाल्याशिवाय सोडेनात. मोजपट्टी बुडवून बाहेर काढली. पांढरा बर्फ जेवढ्या भागावर धरला तेवढा नायट्रोजन शिल्लक. रोजच्यापेक्षा दोन बोटं कमी निघाला, दणक्यांनी उडाला असणार.

तोवर निंब तोडून रस्ता मोकळा केल्याचा निरोप आला होता. आप्पांचा मुलगा म्हणाला, शेतरस्त्यानं लवकर पोहोचाल, आता पाणी उतरलंय. मी डांबरीनं निघालो. वाटेत पंपावर हवा भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी नायट्रोजन आणायला जायचं आहे असा घरी फोन केला.